केशवरावला प्रयोग होता तेव्हा

मी दिवसा बँकेत आणि संध्याकाळी विंगेत. आमच्या हौशी नाटक मंडळींत मी प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून नटाला विसरलेले संवाद सांगणारा. तोंडाला रंग लावायचं धाडस कधी झालं नाही, पण हातात वही घेऊन अंधारात उभं राहायला मजा यायची. कोल्हापुरात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आली की सगळे केशवरावला, म्हणजे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहात. पूर्ण नाव कुणी घेत नाही. 'कुठं आहे?' 'केशवरावला.' माझे वडील मात्र शेवटपर्यंत 'पॅलेस थिएटर' म्हणत राहिले. नाव १९५७ साली बदललं, पण जुन्या माणसांची जीभ कुठं ऐकते!

शाहू महाराजांनी हे थिएटर उघडलं १९१५ साली. तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे जेमतेम पन्नास हजार वस्तीचं संस्थानी गाव. अशा गावात मध्ये एकही खांब नसलेलं, कुठल्याही खुर्चीवरून अख्खा रंगमंच दिसेल असं नाट्यगृह बांधायचं, हे त्या काळात काय असेल याचा अंदाज करा. महाराज १९०२ साली युरोपला जाऊन आले होते. रोमची जुनी खुली रंगमंदिरं पाहूनच त्यांनी आधी खासबागेचं कुस्ती मैदान आणि मग हे थिएटर काढलं, असं इथं सांगतात. मला त्यापेक्षा जागेची निवड मोठी वाटते. मैदान आणि नाट्यगृह पाठीला पाठ लावून! नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला, खासबागेच्या बाजूला एक उघडा मंचही. म्हणजे आत तिकीट काढून बसणारा आणि बाहेर मातीत बसणारा, दोघांचा विचार एकाच बांधकामात.

तालमीला आम्ही दुपारी जायचो आणि पलीकडं मैदान लागलेलं असलं की हलगी सुरू. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती लाल माती. तिच्यावर कुणीतरी चितपट झाला की उठणारा हल्लकल्लोळ थेट आमच्या दुसऱ्या अंकात शिरायचा. नायिका रडते आहे आणि मागून शिट्ट्या. आमचा दिग्दर्शक म्हणायचा, 'थांबा रे, निकाल लागू दे.' मग सगळेच थांबायचे. नायिकासुद्धा डोळे पुसून विचारायची, कोण पडला?

आवाजाचं सांगतो, कारण तो माझा विषय. प्रॉम्प्टरला वाईट आवाजाचं थिएटर फार सोयीचं. कितीही ओरडा, नटाशिवाय कुणाला ऐकू जात नाही. केशवरावला तशी चैन नव्हती. रंगमंचाखाली पाण्याची विहीर आहे म्हणून आवाज असा फिरतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. खरं-खोटं स्थापत्यवाल्यांनी बघावं. पण तिथं वाक्य नुसतं ओठांनी सोडायचं, श्वासाएवढं. जरा जोर लागला की तिसऱ्या-चौथ्या रांगेतली मंडळी नटाच्या आधी संवाद ऐकून हसायची. त्याच कारणानं नटांना मात्र माईकची गरज पडत नसे. नव्या पोरांना आम्ही हेच शिकवलं: ओरडू नकोस, मान वर ठेव आणि शब्दाचं शेवटचं अक्षर खाऊ नकोस.

ज्यांच्या नावानं हे नाट्यगृह, त्या केशवरावांचं आयुष्य उणंपुरं एकतीस वर्षांचं. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. घरी गरिबी, म्हणून पोरवयातच नाटक कंपनीत. 'शारदा' नाटक करून गाजलेला हा पोरगा पुढं १९०८ साली हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' नाटक कंपनी काढतो, तेव्हा त्याचं वय अठराही नाही. मराठी रंगभूमीवर मखमली पडदा आणला तो यांनीच. त्या काळात कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. म्हणजे पडद्याचं कौतुक या गावाच्या अंगातच. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांचे दोन मालक, एकमेकांचे स्पर्धक, एका रंगमंचावर. आणि तीन महिने व्हायच्या आत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वरानं केशवराव गेले. पुढच्या मे महिन्यात महाराजही गेले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. केशवरावांच्या जयंतीची आदली रात्र. आग खासबागेकडच्या त्या मंचाच्या बाजूनं सुरू झाली आणि लाकूड, पडदे, खुर्च्या यांना धरून आत शिरली. सकाळी गेलो तर रस्त्यावर काळं पाणी वाहत होतं. हळदीकुंकवाची पिशवी हातात घेऊन आलेला एक म्हातारा नट फाटकाशी उभा होता. जयंतीला पूजा करायला निघालेला. कुणी कुणाशी फार बोलत नव्हतं. दगडी भिंती तेवढ्या उभ्या.

तेव्हापासून एकच घोषणा ऐकतो आहे: 'जसंच्या तसं उभारा.' सरकारनं निधी जाहीर केला, काम सुरू झालं, चांगलं आहे. पण जसंच्या तसं म्हणजे कधीचं? १९१५ सालचं, का आम्ही शेवटी पाहिलं ते? मधल्या काळात किती वेळा डागडुजी झाली. वातानुकूलन आलं, गुबगुबीत खुर्च्या आल्या, त्यांनी आवाज थोडा पिऊनही टाकला असं माझं कानाचं मत. आज ज्या खुर्च्यांसाठी आपण हळहळतो, त्या महाराजांनी बघितल्याही नव्हत्या. मला विचाराल तर कोरीवकाम आणि झुंबरं यांवर वाद घालण्याआधी माईक बंद करून एक माणूस रंगमंचावर उभा करावा, दुसरा शेवटच्या रांगेत बसवावा आणि छप्पर, भिंतींचं अस्तर, खुर्च्यांचं कापड त्या हिशोबानं ठरवावं. तो माणूस संगीत नाटकातला असला तर उत्तम. नांदीच म्हणायला लावा.

आणि खासबागेकडचा मंच पुन्हा बांधणार असाल तर तो शोभेला ठेवू नका. वर्षातून एकदा तरी त्यावर प्रयोग व्हावा, प्रेक्षक मैदानाच्या उतारावर, तिकीट नाही. मी वही घेऊन येतो. उघड्यावर प्रॉम्प्टिंग करायला काय, मनसोक्त ओरडता येईल.