सेकंडहँड टेबल सॉ घेतलं, माझा अनुभव

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल ब्लेड वर आलेलं लाकूड कापायचं मशीन, घ्यायचं डोक्यात आलं तेव्हा माझ्याकडे हातकरवत, एक रंधा, तीन पटाश्या, गुण्या आणि सागाच्या जुन्या कड्यांचा ढीग एवढाच संसार होता. कड्या म्हणजे छताची आडवी लाकडं, गावाकडच्या धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घराची. घर पाडून स्लॅबचं बांधलं (आपल्या खान्देशात आता सगळीकडे हेच चालू आहे), लाकूड भंगारात चाललं होतं ते मी उचलून अमळनेरला आणलं. सॉ मिलवाल्याने जाड जाड फळ्या पाडून दिल्या, पण त्यातून पुढे एकसारख्या पट्ट्या काढायच्या म्हणजे हातकरवतीने एक लांब कट मारता मारता खांदा जातो आणि एवढं करून कट तिरपाच. कॉलनीतला सुतार काढून देतो, नाही असं नाही, पण त्याचं गिऱ्हाईक आधी आणि माझा छंद नंतर, आणि ते बरोबरच आहे.

दहा इंची ब्लेडचं नवीन मशीन दुकानात विचारलं तर भाव पन्नास हजाराच्या वर. मी शाळेत गणित शिकवते, छंदासाठी एवढे पैसे घरात काढले असते तर मशीनआधी मीच बाहेर. म्हणून सेकंडहँड.

आपल्याकडे जुन्या बाजारात ‘कटर मशीन’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात आणि जाहिरातीत फोटो लांबून काढलेला असतो त्यामुळे काहीच कळत नाही. एक म्हणजे प्लायच्या टेबलाला खालून उलटा बसवलेला हातातला कटर, त्याचं बटण टेपने किंवा दोरीने दाबून ठेवलेलं. साइटवर निम्मे सुतार यावरच काम करतात, हात बसलेला असतो त्यांचा. मी ते लगेच सोडून दिलं, कारण त्यात काही गडबड झाली तर बंद करायला खाली वाकून चालू ब्लेडच्या जवळ हात न्यावा लागतो किंवा भिंतीवरच्या बोर्डाकडे पळावं लागतं. दुसरं म्हणजे बिडाचं कंबाइन मशीन, रंधा आणि कटर एकत्र. तिसरं म्हणजे कंपनीचं पोर्टेबल टेबल सॉ, जे व्हिडिओत दिसतं ते.

कंबाइन मशीन बघायला धुळ्याला गेले. फर्निचरचा कारखाना बंद केलेले एक आप्पा होते, त्यांनी आधी मला आणि मग माझ्या मागे कोणी येतंय का ते बघितलं. “ताई, कोनाकरता लेनं शे?” “मालेच,” म्हटलं, मलाच. मग मात्र माणूस खुलला, चहा मागवला आणि सगळं झाकण उघडून दाखवलं. मशीन खरंच देखणं, बिडाचं टेबल इतकं सपाट की स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला तरी खालून उजेड येईना. मोटर तीन एचपी, प्लेटवर १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे), मोटरची पुली सहा इंची आणि शाफ्टची दोन इंची, म्हणजे शाफ्ट तिप्पट, ४३२० फिरणार. हे गणित पट्ट्याच्या मशीनला कुणीही उभ्या उभ्या करू शकतं आणि करावंच, कारण ब्लेडवर त्याची जास्तीत जास्त आरपीएम छापलेली असते आणि कुणी मधेच पुली बदलली असेल तर मालकालाही माहीत नसतं.

पण दोन गोष्टी अडल्या. पहिली, मोटर थ्री फेज आणि माझ्या घरी सिंगल फेज. मोटर बदलता येते, नाहीतर व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा डबा) बसवता येतो, खर्च आहे पण मार्ग आहे. दुसरीला मात्र मार्ग नव्हता. या मशीनमध्ये ब्लेड आणि रंध्याची पाती एकाच शाफ्टवर असतात, आपण इकडे फळी कापत असतो तेव्हा तिकडे रंधाही फिरत असतो. आणि ब्लेडच्या मागे काहीच नाही. गार्ड नाही, रायव्हिंग नाईफ नाही, ती बसवायला जागाही नाही. आप्पांना विचारलं तर म्हणे, “इतला वरीस चालाडी, काही झायं नही.” त्यांचं खरं असेल. पण त्यांना अनेक वर्षांची सवय आणि मला व्हिडिओ बघायची सवय, फरक आहे ना.

रायव्हिंग नाईफ म्हणजे ब्लेडच्या मागे उभी असलेली स्टीलची वाकडी पट्टी, ब्लेड वरखाली केलं की तीपण सोबत वरखाली होते. नवीन माणसाला ती फालतू वाटते. झालंय असं की टेबल सॉच्या ब्लेडचे पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात पण मागचे दात खालून वर येत असतात. कट झालेली फळी मागे मिटली किंवा जरा फिरून त्या मागच्या दातांना टेकली की ते तिला उचलतात आणि सरळ तुमच्याकडे फेकतात. याला किकबॅक म्हणतात. दहा इंची ब्लेड चार हजार आरपीएमने फिरत असेल तर दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास येतो, गणित मी स्वतः करून बघितलंय, नववीच्या पोरांनाही करायला दिलं होतं, परिघ गुणिले आरपीएम. त्या वेगाने पोटात फळी बसली तर काय होईल ते सांगायला नको. आणि जुना साग चिरताना आतला ताण सुटतो, कट मिटायला बघतो, त्यामुळे माझ्या लाकडाला तर ही पट्टी पाहिजेच होती. म्हणून मी ठरवून टाकलं, रायव्हिंग नाईफ नसेल तर मशीन फुकट दिलं तरी नको.

मधे बरेच फोन झाले. निम्म्या लोकांना ही पट्टी काय ते माहीत नव्हतं आणि उरलेल्यांनी ‘ती आडवी येते म्हणून काढून टाकली’ असं सांगितलं. एकाने तर मला विचारलं, ताई तुम्ही घेणार आहात की तपासणीला येणार आहात.

शेवटी जळगावला मिळालं. मॉड्युलर किचनची कामं करणारा एक भाऊ, आता पॅनल सगळे कारखान्यातून पॅनल सॉवर कापून एज बँडिंग करून (कडांना पट्टी चिकटवून) येतात, साइटवर कापाकापी उरलीच नाही, म्हणून विकू राहिला होता. दहा इंची, सिंगल फेज, अल्युमिनियमचं टेबल. “ताई टेन्शन नका घेऊ, एकदम मस्त चालू राहिलं मशीन.” आणि लगेच बटण दाबून दाखवलं. सगळे हेच करतात, मोटर चालू करून आवाज ऐकवतात. मोटर चालू होते हे कळलं, पण टेबल सॉमध्ये मोटर ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे हो, ती बिघडली तर गावात वाइंडिंगवाला आहे. शाफ्ट वाकडा असेल, फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची ब्लेडच्या बाजूची पट्टी) हलत असेल, उंचीचा गिअर गेला असेल तर काय करणार?

म्हणून आधी प्लग काढायला लावला, स्विच बंद नाही, प्लगच बाहेर. मग ब्लेड दोन्ही हातांनी धरून आडवंउभं हलवलं, खडखड किंवा ढिलेपणा लागला तर बेअरिंग गेलंय. इथे नव्हता. मग ब्लेड पूर्ण वर, पूर्ण खाली, ४५ अंशाला तिरपं. उंचीचं चाक फिरवायला जड गेलं, पण खाली टॉर्च मारून बघितलं तर गिअरमध्ये भुसा आणि फेविकॉलचा चिखल होता, दात शाबूत होते. चिखल धुता येतो, दात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप. टेबलावर जी खाच असते, माइटर गेज (आडव्या कटला लाकूड कोनात धरायची पट्टी) सरकवायची, तिला ब्लेड समांतर आहे की नाही. माझ्याकडे डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) नाही, पण गरज पडत नाही. ब्लेडच्या एका दातावर मार्करने खूण करायची, तो दात पुढे आणून खाचेपासून कॉम्बिनेशन स्क्वेअरची (सरकत्या पट्टीच्या गुण्याची) पट्टी दाताला टेकेल इतकी काढून लॉक करायची, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणायचा आणि स्क्वेअर मागे नेऊन बघायचं. तोच दात घ्यायचा, कारण ब्लेड जरा डुगत असेल तर वेगळ्या दाताला माप चुकतं. मागे फट दिसली तर झेरॉक्सचा कागद सरकवून बघायचा, एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर. मला एकच कागद जात होता, दोन नाही. छान. फेन्सचंही असंच, पुढे आणि मागे खाचेपासून मोजायचं. फेन्स मागच्या टोकाला केसभर बाहेर असली तर चालतं, आत ब्लेडकडे वळलेली नको, तिथेच लाकूड दाबलं जातं आणि वर सांगितलेला प्रकार होतो. ही फेन्स लॉक केल्यावर मागचं टोक हाताने हलत होतं. लॉकचा स्क्रू आवळून बघितला, थांबली.

भाऊ तोपर्यंत मोबाइल बाजूला ठेवून बघायला लागला होता. म्हणे, मी सहा वर्षं वापरलं, हे असं काही कधी केलंच नाही.

मग म्हटलं आता चालू करा. अशा पोर्टेबल मशीनची मोटर ब्रशवाली असते, आवाज मिक्सरचा असतो तसाच कर्कश, त्याला घाबरायचं नाही. बंद केल्यावर ब्लेड थांबत येतं तेव्हा कान द्यायचा, घरघर आली तर बेअरिंग. कार्बन ब्रशच्या खिडकीतून बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर ठीक, गोल आगीची रिंग दिसली तर कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो मोटरचा तांब्याचा भाग) खराब आहे, सरळ घरी यायचं. ब्रश काढून बघितले तर झिजून संपत आले होते, पण ती किरकोळ गोष्ट, भाव पाडायला मात्र फार उपयोगी.

रायव्हिंग नाईफ मशीनला नव्हती. मी फोनवर विचारलं होतं तेव्हा ‘आहे आहे’ म्हणाला होता. मी पर्स उचलली तेव्हा त्याने माळ्यावरून एक पोतं काढलं आणि त्यात गार्ड, पुश स्टिक (लाकूड ढकलायची काठी), पाना आणि तळाशी ती पट्टी, कंपनीच्या कोऱ्या प्लास्टिकमध्ये. कधी उघडलीच नव्हती!

अजून एक गोष्ट राहिली, स्विच. मूळ स्विच जळाला होता म्हणून त्याने बोर्डावरचं साधं बटण लावलेलं. कंपनीच्या मशीनला नो-व्होल्ट स्विच असतो, लाइट गेली की तो पडतो आणि लाइट आली तरी आपण हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते येते ते सांगायला पाहिजे का? साध्या बटणावर काय होणार, लाइट गेली, आपण विसरून ब्लेडजवळचा तुकडा उचलायला गेलो आणि लाइट आली. हा स्विच पहिला कट मारायच्या आत बदलायचाच म्हणून त्याचे पैसे मी भावातून कापून मागितले. तो बत्तीस सांगत होता, ब्रश, स्विच, बोथट ब्लेड असं एक एक धरत चोवीसवर आलो. त्यावर वहिनींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, हे भावात नव्हतं.

आणायला मामेभावाची पिकअप. ब्लेड काढून, फेन्स काढून, चाक फिरवून शाफ्ट पूर्ण खाली करून, आणि टेबलाला धरून नाही तर खालच्या बॉडीला धरून उचलायचं, हे त्याला दोनदा सांगितलं तरी तो फेन्सच्या रेलला धरायलाच बघत होता. घरी सोळा अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग वायरमनकडून करून घेतलं, एक्स्टेंशन बोर्डावर हे चालवत नाहीत, वायर बारीक असली की व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. उन्हाळ्यात संध्याकाळी तसंही व्होल्टेज पडलेलंच असतं, तेव्हा मी जाड लाकूड घेतच नाही.

नवीन ब्लेडचं थोडं नीट बघा. भोक २५.४ मिलिमीटरचं असतं किंवा ३०चं, शाफ्ट मोजून जा. लांबीत चिरायला २४ दात, सगळ्याला एकच पाहिजे तर ४०, प्लायला ६० किंवा ८०. आणि दुकानदार जे विचारत नाही ते म्हणजे कटची रुंदी. रायव्हिंग नाईफवर तिची जाडी लिहिलेली असते, ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड पण दातांच्या कटपेक्षा बारीक पाहिजे. स्वस्त पातळ ब्लेड घेतलं तर फळी नाईफला जाऊन अडते, मग लोक नाईफ काढतात, आणि मग ती पोत्यात जाते.

जुन्या लाकडाला चुंबक फिरवल्याशिवाय मशीनला लावायचं नाही. आमच्या कड्यांमध्ये एवढे खिळे निघाले की वाटलं आजोबांनी घर लाकडाचं नाही खिळ्यांचंच बांधलं होतं, डोकं तुटून आत राहिलेले तर वरून दिसतही नाहीत, काळा डाग दिसला की समजायचं. ब्लेडचा कार्बाइडचा (कडक पण ठिसूळ धातूचा) दात खिळ्यावर तुटतो आणि उडतो. चष्मा, मास्क लागतोच, सागाचा भुसा नाकाला लई झोंबतो. हातमोजे मात्र अजिबात नाही, ब्लेड मोजा ओढून घेतं आणि मोज्यासोबत हात. उभं राहायचं ते ब्लेडच्या रेषेत नाही, बाजूला.

आता पट्ट्या एकसारख्या निघू राहिल्या. आडव्या कटसाठी क्रॉसकट स्लेड (लाकूड ठेवून ब्लेडवरून सरकवायचा पाट) बनवायला घेतलाय, टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या पट्ट्या त्याच सागाच्या काढल्यात, बारा मिलिमीटरची प्लाय जळगावहून आणायची आहे. आत्याचा फोन येऊन गेला, तिला चौरंग पाहिजे आणि पाट दोन. तिला सांगितलंय, दिवाळीच्या आधी विचारू नको.