फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, नागपुरात ४४ डिग्री चालू होतं, अशा दिवसांत माझी ओपीडी संध्याकाळी सातनंतरच भरते कारण त्याआधी कोणी घराबाहेर पडतच नाही. मानेवाड्याला माझा दवाखाना आहे, जनरल प्रॅक्टिस, अठरा वर्षं झाली. तर दोन पोरं आली, हातात ट्रेकचे मेडिकल फॉर्म. "मॅडम, फक्त सही-शिक्का पायजे, जूनमध्ये हिमाचलात हम्पता पासला चाललो."

हे "फक्त सही-शिक्का" मला फार लागतं. मी स्वतः हम्पता केलाय. मनाली, जोब्रा, चिका, बालू का घेरा आणि मग पास, ४,२७० मीटर. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. बालू का घेऱ्याला ३,६०० मीटरच्या आसपास तंबूत झोपायचं, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाइतकाही नसतो, आणि काही झालं तर गाडीरस्त्यापर्यंत कित्येक तास दगडधोंड्यांतून चालत किंवा कोणाच्या तरी पाठीवर उतरायचं. त्या कागदावर मी "फिट" लिहिते म्हणजे ही सगळी वाट डोळ्यासमोर ठेवून लिहिते.

पहिल्याचं वजन ८८, बीपी १५०/९६. अर्धा तास कुलरसमोर बसवून परत घेतलं तर १३४/८६. त्याला सांगितलं आठवडाभर घरी मोज, रोज चालायला लाग, सात आठवडे आहेत, मग ये. तो म्हणे डायमॉक्स, ती उंची लागू नये म्हणून घेतात ती गोळी, लिहून द्या ना, सगळे घेतात. त्याला आधी सल्फाची अ‍ॅलर्जी विचारली, बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते ते सांगितलं, आणि हेही की गोळी घेतली म्हणून भरभर चढायचं लायसन मिळत नाही. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा नियम गोळीवाल्यालाही लागू.

दुसरा पोरगा २४ वर्षांचा, तो मात्र बघण्यासारखा. रोज सकाळी अंबाझरीला पळतो, ५ किलोमीटर २६ मिनिटांत, रविवारी पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन रामटेकच्या गडाच्या पायऱ्या. नाडी ५६, बीपी ११८/७६, ऑक्सिजन ९८, छाती साफ. तसं नागपुरातलं ९८ पहाडावर काय होईल ते सांगत नाही, आणि पळणाऱ्याला उंचीचा त्रास होत नाही असंही काही नाही, उलट दम असतो म्हणून ही पोरं पुढे पुढे पळतात आणि डोकं दुखायला लागलं तरी सांगत नाहीत. पण फॉर्मवरचे सगळे रकाने भरले होते, पेन हातात होतं. मी सवयीने विचारलं, घरात कोणाला काही आजार? तो म्हणाला, "नाही, फक्त ताईला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. मेडिकल कॉलेजला जावं लागते तिले, रक्त चढवायले."

मी पेन खाली ठेवलं. तुझी टेस्ट झालीय का रे? "माझी कायले? मला कधी काही झालंच नाही ना."

हे विदर्भातल्या कितीतरी घरांतलं चित्र आहे. जे लेकरू दुखण्याने रडतं त्याचीच तपासणी होते, धडधाकट असलेल्याची कोणी करत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, ताई एसएस म्हणजे आई आणि बाबा दोघांकडून त्याचा जीन आलेला, म्हणजे या पोराचं रक्त बघितल्याशिवाय सही करणं शक्यच नव्हतं. खालच्या मजल्यावर लॅब आहे, मी स्वतः सोबत गेले. सोल्युबिलिटी टेस्ट अगदी साधी असते, ट्यूबमागे काळ्या रेषांचा कागद धरतात, रक्त नॉर्मल असलं तर रेषा आरपार दिसतात. त्याच्या ट्यूबमधलं पाणी गढूळ झालं आणि रेषा गायब. तो नुसता बघत उभा. मग नेमका पॅटर्न कळायला एचपीएलसी या रक्ततपासणीला पाठवलं, दोन दिवसांनी रिपोर्ट, एएस पॅटर्न. म्हणजे तो जीन एकाकडूनच आलेला, वाहक.

रिपोर्टच्या दिवशी बाबा सोबत आले. "मॅडम, थो त रोज पयते, त्याले काय होऊन राह्यलं?" मी म्हटलं भाऊ, इथं काहीच नाही, वाहक माणूस निरोगीच असतो, आणि पहाडावरही बहुतेक वाहकांना काही होत नाही, सरसकट बंदी वगैरे नाही. पण विरळ हवेत, त्यात अंगातलं पाणी कमी झालं आणि दमछाक झाली, की काहींच्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात आणि पानथरीचा तुकडा मरतो. डाव्या फासळ्यांखाली भयंकर दुखतं. आणि बरोबरचे समजतात गॅस झाला किंवा उंची लागली, पेनकिलर देऊन पुढे चालवतात. ओळखीच्या रक्तविकारतज्ज्ञांनाही फोन करून विचारलं, त्यांचंही म्हणणं पडलं की पहिल्याच खेपेला एवढी उंची नको.

ट्रेकवाल्यांनाही फोन केला, की तुमच्यासोबत डॉक्टर असतो का, खाली आणायला किती वेळ लागतो. तिकडून उत्तर आलं, मॅडम ते लिहूच नका, फिट लिहून द्या, नाहीतर सीट कॅन्सल होते. मला खरंच राग आला. त्या फॉर्ममध्ये चष्म्याचा नंबर विचारलाय, सिकलसेल नाही. मी हम्पताचा फॉर्म सही न करता परत दिला.

पोरगा रडवेला झाला होता, वर्षभर पैसे साठवले होते त्याने. मग आम्ही बसून उत्तराखंडातला नागटिब्बा काढला, ३,०२२ मीटर, दोन दिवसांचा, दुखलंच तर काही तासांत गाडीरस्ता. पाणी किती, वेग किती, थंडीत अंग कसं झाकायचं, लीडरला काय सांगायचं, सगळं एका कागदावर लिहून दिलं. बाबा मध्येच हळू आवाजात म्हणाले, "दिवाळीनंतर याचं लग्न ठरून राह्यलं मॅडम. मंग पोरीचीबी टेस्ट करा लागन का?" म्हटलं हो भाऊ, लग्नाआधीच करा, दोघंही एएस निघाले तर दर बाळाला चारात एक शक्यता एसएसची असते. ते बराच वेळ गप्प होते, ताईचं सगळं त्यांनी बघितलं होतं.

जाताना पोराने विचारलं, मॅडम नेमकं कुठं दुखते? मी त्याचाच हात धरून डाव्या फासळ्यांच्या खाली ठेवला. इथं. इथं दुखलं की कोणाला विचारत बसायचं नाही, खाली उतरायचं. बाहेर गाडीला किक मारेपर्यंत त्याचा हात तिथंच होता.