फील्ड मिल, नोंद ५: डबा पालथा घातला तरी शून्य येईना

फील्ड मिल हवेतलं विद्युत क्षेत्र मोजते: अर्थ केलेला पात्यांचा रोटर फिरताना सेन्सर प्लेट झाकतो-उघडतो आणि प्लेटवर येणारा-जाणारा चार्ज हा तिचा सिग्नल. रोटरच्या शाफ्टला मिक्सरच्या मोटरचा कार्बन ब्रश टेकवल्यापासून रीडिंगच्या उड्या थांबल्या. बेअरिंगमधल्या ग्रीसचा थर रोटरला मधूनमधून अर्थपासून तोडत होता, हा तर्क बरोबर निघाला. वेगाचंही जमलं. ४ पात्यांचा रोटर १५०० आरपीएमला १०० हर्ट्झ देतो, म्हणजे नेमकं घरच्या विजेच्या दुपटीवर. १२२५ वर सिग्नल ८१ हर्ट्झच्या पुढे जातो आणि १०० च्या गुणगुणीची शेपटी लागते. ११२५ वर तो ७५ ला, ५० आणि १०० च्या बरोबर मधे, आणि ट्रेस स्वच्छ.

आता नवं दुखणं. सेन्सरवर स्टीलचा डबा पालथा घालून तो अर्थ केला की आत क्षेत्र शून्य हवं. मिल दाखवते ६०० व्होल्ट प्रति मीटरच्या आसपास. निरभ्र हवेत जमिनीलगत मोजायचं असतं ते १०० ते १५०. मोजायच्या गोष्टीहून खोटं शून्यच चौपट मोठं!

डबा फिरवून पाहिला, फरक नाही. म्हणजे डबा निर्दोष. ऑप-अँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा) ऑफसेट, म्हणजे तिची स्वतःची कायमची चूक, डीसी असतो. तो सिंक्रोनस डिटेक्टरमधून, म्हणजे रोटरच्या तालावरचं तेवढंच निवडणाऱ्या सर्किटमधून, पुढे येतच नाही. हे जे काही आहे ते रोटरच्या पात्यांनी झाकलं-उघडलं जातंय आणि त्याची फेज खऱ्या सिग्नलचीच आहे, म्हणून डिटेक्टरला दोन्ही सारखेच. संशय उरला तो सेन्सर प्लेट धरून ठेवणाऱ्या टेफ्लॉनच्या स्पेसरवर. त्यांच्या कडा प्लेटच्या बाहेर डोकावतात, थेट रोटरसमोर.

निकाल लावणारी चाचणी सोपी आहे. डबा काढून लायटरची निळी ज्योत स्पेसरपासून १५-२० सेंमी दूर काही सेकंद धरायची. ज्योतीतले आयन पृष्ठभागावरचा चार्ज मारतात. डबा परत घातल्यावर रीडिंग १०० च्या खाली. मग कोरड्या सुती फडक्याने स्पेसर पुसले की पुन्हा सहाशेच्या घरात. (मेणबत्ती नको, काजळी बसते आणि ती वाहक असते. टेफ्लॉन २६० अंशांच्या वर तापू देऊ नये, म्हणून अंतर राखायचं.)

टेफ्लॉन जवळजवळ कशालाही टेकून सुटला की इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि ऋण होतो. घासण्याने फक्त असे टेकण्या-सुटण्याचे बिंदू वाढतात. घेतलेला चार्ज तो सोडतही नाही: रोधकता १०^१६ ओम-मीटर धरली तर चार्ज आतून ओसरायला दोनेक दिवस लागतात. पावसाळ्यात पृष्ठभागावरच्या ओलाव्यातून तो लवकर पळतो, त्यामुळे हा घोळ कोरड्या एप्रिलमध्येच उघडा पडतो. तात्पुरता इलाज म्हणजे पुसायचं नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून निथळू द्यायचं.

हे लिहिता लिहिता मूळ प्रश्नच वेगळा दिसतोय: इथे टेफ्लॉन हवाच कशाला? प्लेट सीए ३१४० या ऑप-अँपच्या व्हर्च्युअल अर्थवर आहे, म्हणजे ऑप-अँप तिला सतत शून्याजवळ धरून ठेवतो आणि तिच्यावर व्होल्टेज जवळपास नाहीच, मग गळती होणार कसली? इन्सुलेशन काहीशे मेगाओम असलं तरी पुरे. अतिरोधक इन्सुलेटर लागतो तो फीडबॅकच्या, म्हणजे प्लेटचा करंट व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या, १०० मेगाओम रेझिस्टरभोवती. (तो बोटाने धरू नका, घामाचा ठसा त्याला समांतर रेझिस्टर होतो. ऑनलाइन मिळालेल्या पाकिटातले निम्मे ७०-८० मेगाओमचे निघाले. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत समोर मोजून घेतलेले बरे.)

तेव्हा स्पेसर बदलण्याचा बेत रद्द. स्टेटर (रोटरसमोरचा स्थिर भाग) थेट ग्लास-इपॉक्सी पीसीबीवर, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डवर: ३० चौ.सेंमी सेन्सर, १ मिमी फट, बाकी सगळं तांबं अर्थ. रोटरसमोर इन्सुलेटर जवळजवळ उरतच नाही. रोटरही दुहेरी पीसीबीचाच, दोन्हींवर सारखा सोन्याचा मुलामा. कारण ज्योतीनंतर उरलेल्या रीडिंगचा संशय आता धातूंवर आहे. ॲल्युमिनियमचा रोटर आणि तांब्याची प्लेट यांच्यात ०.३ व्होल्टचा संपर्क विभव (दोन वेगळे धातू जोडले की आपोआप येणारा व्होल्टेजचा फरक) धरला तर ३ मिमी फटीत तो १०० व्होल्ट प्रति मीटर होतो.

कॅलिब्रेशन: ३० सेंमीच्या दोन ॲल्युमिनियम प्लेटा ९ सेंमी अंतरावर, खालच्या अर्थ केलेल्या प्लेटमध्ये भोक पाडून मिल तिच्या पातळीत. वरच्या प्लेटला ९ व्होल्टच्या १० बॅटऱ्या ओळीने, मधे १ मेगाओम, नाहीतर बोटाला चटका. क्षेत्र १००० व्होल्ट प्रति मीटर. एवढ्याला सिग्नल सुमारे ४ नॅनोअँपिअर, म्हणजे ०.४ व्होल्ट. नव्या बॅटऱ्या ९ पेक्षा जास्त देतात, एकूण व्होल्टेज मीटरने मोजूनच भागाकार करा.

वळवाआधी एवढं उरकायला हवं. ढगात उणे १० ते उणे २० अंशांच्या थरात मऊ गारा आणि बर्फाचे स्फटिक आदळून सुटतात. तिथे गारा बहुधा ऋण होऊन मधल्या थरात राहतात, हलके धन स्फटिक वर जातात. जमिनीवर त्यामुळे क्षेत्राची दिशा उलटते आणि आकडा हजारांत चढतो, पण गवताच्या टोकांतून कोरोना, म्हणजे हवेत चार्जची गळती, सुरू झाल्यावर फारसा वाढत नाही. वीज पडली की ट्रेस एकदम उडी मारतो आणि काही सेकंदांत हळूहळू सावरतो. ८ आवर्तनांची सरासरी घेतली तर दर ०.१ सेकंदाला एक बिंदू मिळतो, या उडीला तो पुरेसा. मायक्रोसेकंदांतला रिटर्न स्ट्रोक, म्हणजे विजेचा मुख्य लखलखता झोत, मिलच्या आवाक्याबाहेरच.

उडीपासून गडगडाटापर्यंतचे सेकंद भागिले ३ म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या दामिनी या विजांची माहिती देणाऱ्या ॲपशी ताळा पाहता येईल. मिल गच्चीवर बॅटरीवर चालवायची, डेटा ब्लूटूथने. गच्चीतून खोलीत एकही तार येता कामा नये, आणि ढग जमल्यावर ब्रश दाबून बघायला वर जायचं नाही.