वरचा की खालचा?

रविवार, रात्र

लग्न छान पार पडलं. मठ्ठा जरा आंबट होता, पण ते असो. मला सकाळपासून त्या मेकअपवाल्या मुलीचा एक प्रश्न कुरतडतोय.

पैठणीच्या ब्लाउजची बाही आखूड. सायकल चालवताना घालते त्या जर्सीची बाही तिच्याहून चांगली चार बोटं लांब. त्यामुळे दंडावर एक गोरी पट्टी आणि तिच्याखाली कोपरापासून मनगटापर्यंत सगळं रापलेलं. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा. पुढे ग्लोव्हजखाली राहिलेला पंजा पुन्हा गोरा, आणि ग्लोव्हज अर्ध्या बोटांचे म्हणून बोटांची टोकं पुन्हा काळी. तिने माझा हात दिव्याखाली धरून उलटसुलट केला आणि विचारलं, "ताई, बेस वरच्या रंगाचा लावू की खालच्या?"

खवचटपणा अजिबात नव्हता. तिला खरंच ठरवता येत नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला बरं दिसेल ते करा." मग ती स्पंजने थापत राहिली आणि शेवटी खूश होऊन म्हणाली, "गेली बघा रेघ!"

गेली. अख्ख्या उन्हाळ्याची कमाई.

"खालच्या" एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून का निघालं नाही?

सायकलवाल्यांच्या ग्रुपवर असते तर निघालं असतं. तिथे 300 च्या बीआरएमनंतर, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइडनंतर, पायांचे फोटो पडतात. 20 तासांत 300 किलोमीटर संपवायचे, म्हणजे दिवसाचं एकही ऊन चुकत नाही. वाटेतल्या टप्प्यांवर ब्रेव्हे कार्डावर मिळालेले शिक्के कुणी बघत नाही, मांडीवरची रेघ सगळे बघतात. ती सुरीने कापल्यासारखी हवी. एकदा लांब शॉर्ट, एकदा आखूड असं करून कुणाची रेघ फिसकटली, तर आठवडाभर चेष्टा. हे खूळ मूळचं युरोपातलं. जुलैत टूर दि फ्रान्सच्या खेळाडूंचे पाय बघावेत, मोज्याच्या वर तांबूस आणि खाली दुधाळ. तिकडे कातडीला रंग चढला म्हणजे माणसाने घाम गाळला. इकडे रंग चढला म्हणजे काय, ते आमच्या आत्याला विचारा. हॉलच्या दारातच तिने डाळीचं पीठ, साय आणि हळद यांचं प्रमाण सांगितलं. आणि हो, लिंबू पिळायचं नाही, आग होते.

बरं, नवऱ्याच्याही हातावर अशीच रेघ आहे. माझ्याहून ठळक. तो मांडवभर बाह्या सरसावून फिरला. मामांनी त्याला विचारलं, "काय रे, या वेळी कुठवर जाऊन आलास?" मामींनी मला विचारलं, "हल्ली काय लावतेस?"

हे लिहिताना पुन्हा राग येतोय. म्हणजे राग त्या दोघांचा नाहीच. मी मामींना खरंच सनस्क्रीनचं नाव सांगितलं! खंबाटकी घाट सांगितला नाही, उतरण सांगितली नाही, काही नाही.

या गावात बाईने उघड्या हातांनी उन्हात जाणं तसं विचित्रच. दुचाकीवर निघालेली पुण्याची बाई म्हणजे डोळे सोडून सगळा स्कार्फ, कोपराच्या वरपर्यंत हातमोजे, अंगात सनकोट. टिळक रोडच्या सिग्नलला माझ्या शेजारी एखादी येऊन थांबते आणि त्या फटीतून माझ्या हातांकडे बघते. तिला काय वाटतं ते कळत नाही, फक्त डोळेच दिसतात. आणि दिवे घाट चढून सासवडकडे लागलं की शेतात बायका दिसतात, साडीवर घरच्याचा जुना शर्ट, पूर्ण बाह्यांचा. त्या झाकतायत, आणि मी मिरवायचं म्हणतेय… जाऊ दे, हे आज नको.

डॉक्टरांचंही एक आहेच. त्यांच्या मते रापणं म्हणजे कातडीने खाल्लेला मार. "आता रापलेय, आता भाजणार नाही" हे खोटं, त्या रंगाचं संरक्षण फार तर एसपीएफ 3-4 एवढं. सायकलवर हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या घाला म्हणाल्या. बाह्या घातल्या तर रेघ जाणार, म्हणून आणल्याच नव्हत्या. हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. एकूण उन्हाळाभर मी कुणालाच काही सांगितलेलं दिसत नाही.

मेकअप आवरताना त्या मुलीने आणखी एक विचारलं होतं. "हा डावा हात जास्त काळा कसा हो?" तेव्हा मी खांदे उडवले. संध्याकाळी रिक्षात एकदम लक्षात आलं. सातारा रोड! सकाळी दक्षिणेकडे जाताना सूर्य पूर्वेला, म्हणजे डावीकडे. दुपारनंतर उत्तरेकडे परत येताना तो पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडेच. उजव्या हाताला दिवसभर आपलीच सावली. मेच्या मध्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा काय ते दोन्ही हातांना सारखं. सोलापूर रोडवाल्यांचं याहून वाईट, जाताना समोर, येताना समोर. त्यांची नाकं बघा कशी सोलवटलेली असतात.

इतका आनंद झाला की रिक्षातच नवऱ्याला हे सगळं हातवारे करून सांगितलं. रिक्षावाले काकाही आरशातून ऐकत होते. "मग नगर रोडवाल्यांचं काय?" ते म्हणाले. त्यांचा रस्ता तिरका, ते गणित आम्ही येरवड्यापर्यंत घातलं, सुटलं नाही.

आता उजवा हात डाव्याच्या रंगाला आणायचा तर एकच उपाय आहे. शनिवारी रात्री सायकलसकट साताऱ्याला मुक्काम, सकाळी उजाडता तिथून निघून पुणे आणि दुपारी परत सातारा. म्हणजे सोमवारी ऑफिसला साताऱ्याहून. त्याला विचारलं, गाडीने सोडतोस का आणायला येतोस? तो म्हणाला, "त्यापेक्षा बाह्या आण. निदान डावी आण."

एकच बाही कुणी विकतं का, उद्या बघते.