ट्रेल शर्यतीचं मेडिकल सर्टिफिकेट : माझा २२ दिवसांचा अनुभव

“मॅडम, बाहेरच्या फॉर्मवर आमचे डॉक्टर सही करत नाहीत.”

हे वाक्य मी एकाच काउंटरवर तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पिशवीत ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख), टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून-पळवून घेतलेली हृदयाची चाचणी) आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) या तिन्ही तपासण्यांचे चांगले आलेले रिपोर्ट होते, साडेचार हजारांच्या पावत्या होत्या आणि शर्यतीच्या संयोजकांनी पाठवलेला एका पानाचा फॉर्म होता. त्या पानावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर एवढंच हवं होतं. शर्यत ट्रेल, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरची, सह्याद्रीतली, ५० किलोमीटरची, डिसेंबरच्या मध्यावर. फॉर्म अपलोड करायची शेवटची तारीख ५ नोव्हेंबर. माझं काम झालं ४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी. राग अजून पुरता गेलेला नाही आणि पुढच्या वेळी कुणाचे तरी हे हेलपाटे वाचावेत असं मनापासून वाटतं, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

मी ४३ वर्षांची. कोथरूडला राहते, सहा वर्षं टेकडीवर पळते आहे. डांबरी रस्त्यावर मी कधी रमलेच नाही. वेताळ टेकडी म्हणजे पुणे शहरातली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. पहाटे साडेपाचला हेडटॉर्च लावून निघायचं, खाणीच्या कडेने वळसा घालायचा, ग्लिरिसिडियाच्या झाडीतून वेताळाच्या देवळापर्यंत जायचं, तोवर उजाडतं आणि मोर ओरडायला लागतात. रविवारी सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने दोनदा वर-खाली. महिन्यातून एकदा राजगड नाहीतर तोरणा. पावसाळ्यात ओल्या कातळावरून, ऑक्टोबरात कमरेएवढ्या गवतातून, उन्हाळ्यात मुरमाच्या घसाऱ्यावरून. शर्यतीची तयारी, नावनोंदणी, पैसे भरणं, शिट्टी-हेडटॉर्च-पाण्याची पिशवी जमवणं, यातलं काहीच अडलं नाही.

१३ ऑक्टोबरला, सोमवारी, फॉर्म घेऊन आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. ते मला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी रक्तदाब पाहिला, मग नाडी धरून पूर्ण मिनिटभर मोजली. “४६. नेहमीच एवढी असते?” मी म्हटलं, सकाळी उठल्यावर ४४ असते. त्यांनी फॉर्म शांतपणे वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. “तुम्हाला काही झालंय असं मी म्हणत नाही. पण डोंगरात ५० किलोमीटर पळायला फिट, असं माझ्या सहीने द्यायचं तर हृदयाच्या डॉक्टरांना एकदा बघू दे.” त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात. तिथे हृदयविकाराची ओपीडी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. ही चौकशी सगळ्यांत आधी करा, कारण दोनच वार असले की एक कागद कमी पडला तरी तीन-चार दिवस हातचे जातात. ईसीजी काढला. कागदाच्या कोपऱ्यात यंत्रानेच छापलं होतं, सायनस ब्रॅडीकार्डिया, म्हणजे लय नेहमीची पण ठोके संथ, आणि पीआर अंतर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा विद्युत संदेश खालच्या कप्प्याला पोचायला लागणारा वेळ, २१२ मिलिसेकंद. साधारण मर्यादा २००. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, चक्कर येते का, कधी शुद्ध हरपली होती का, घरात कुणी कमी वयात अचानक गेलंय का. तिन्हींचं उत्तर नाही. “तरी टीएमटी आणि टूडी एको होईपर्यंत पळू नका. चालायला हरकत नाही.”

तारीख मिळाली २४ ऑक्टोबर. मध्ये दिवाळी.

डोंगरात पळणाऱ्याला ऑक्टोबरचा शेवट म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. पाऊस सरलेला असतो, वाटा अजून भुसभुशीत झालेल्या नसतात, सकाळी गवतावर दव असतं आणि अख्ख्या तयारीतले सर्वांत लांब पल्ले याच आठवड्यांत घालायचे असतात. मी रोज टेकडीवर गेले, पण चालत. खाणीच्या वरच्या अंगाला एक अरुंद चढ आहे, दोन्ही बाजूंनी घाणेरी. तिथे मागून आमच्याच गटाच्या पावलांचा आवाज आला आणि मी काट्यांत पाठ टेकवून बाजूला उभी राहिले. सहा जण गेले. शेवटचा मुलगा थांबला, “ताई, काय झालं?” एवढंच त्याने विचारलं आणि मला बोलता येईना. कुडत्याच्या बाहीत अडकलेला काटा काढत मी त्याला हाताने ‘पुढे हो’ अशी खूण केली. डॉक्टरांनी नको म्हटलंय तर नको, हे मी पाळलं, आणि ते पाळल्याचा मला अभिमान आहे. तुम्हालाही सांगितलं तर पाळा.

त्या दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचलं. नियमित पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्या जागी त्याला कमी ठोके पुरतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला लगाम घालत असतो. सरावाने तो लगाम विश्रांतीत जास्त घट्ट होतो आणि वरच्या कप्प्याचा विद्युत संदेश खालच्या कप्प्याला किंचित उशिरा पोचतो. माझे ते २१२ म्हणजे बहुधा एवढंच होतं. पण ‘बहुधा’ आणि ‘नक्की’ यांतलं अंतर तपासणीनेच मिटतं. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला तपासणी आणि ईसीजी कायद्यानेच सक्तीचे आहेत, आणि ते प्रमाणपत्र देणारे क्रीडावैद्यकाचे डॉक्टर वेगळे असतात. हे वाचून मला फार वाईट वाटलं. आपल्याकडे संयोजक सही मागतात आणि ते बरोबरच आहे, पण ही सही करणं नेमकं कुणाचं काम, ते रुग्णालयातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

टीएमटी मात्र छान झाली. छातीला दहा इलेक्ट्रोड, कमरेला पट्टा, हातात रक्तदाबाचा कफ. दर तीन मिनिटांनी पायाखालच्या फिरत्या पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ. चौथ्या टप्प्यात ६.७ किलोमीटर आणि १६ टक्के. माझ्या वयाला नाडीची अंदाजे कमाल मर्यादा २२० वजा ४३ म्हणजे १७७, त्याचे ८५ टक्के म्हणजे १५०. नाडी १५० ला पोचली तेव्हा तंत्रज्ञ ताईंनी विचारलं, “थांबवू का?” मी डॉक्टरांकडे बघितलं, ते म्हणाले, त्रास नसेल तर चालू द्या. तेरा मिनिटांवर, १७१ ला, त्यांनीच थांबवलं. पळताना ते २१२ चं अंतर कमी होऊन मर्यादेत आलं होतं आणि डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून मला ते दाखवलं. टूडी एकोत हृदयाच्या भिंतीची जाडी १० मिलिमीटर, पंपिंग, म्हणजे एका ठोक्यात खालच्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर जातं ते, ६० टक्के. सगळं उत्तम. तोवर मोठे डॉक्टर निघून गेले होते, म्हणून पुढचा मंगळवार.

२८ तारखेला मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले आणि म्हणाले, “पळा. फॉर्म बाहेर काउंटरवर द्या, सही होऊन मिळेल.” मला वाटलं, संपलं.

काउंटरवर ते पहिलं वाक्य ऐकलं. बाहेरच्या फॉर्मवर सही नाही, रुग्णालयाचा नियम आहे. मग काय मिळेल? रुग्णालयाच्या लेटरहेडवर पत्र. पत्रात काय लिहाल? ते डॉक्टर सांगतील. डॉक्टर कुठे? कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत. मी साडेतीनपर्यंत बाकावर बसले. मध्ये एकदा पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच वाक्य. अखेर पत्र आलं, दोन ओळींचं : तपासणीच्या दिवशी हृदयाच्या दृष्टीने व्यायामास मनाई आढळली नाही. ५० किलोमीटरचा उल्लेख नाही, डोंगराचा नाही, शर्यतीचा नाही. त्याच रात्री अपलोड केलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : नामंजूर, प्रमाणपत्र आमच्या नमुन्यातच हवं.

म्हणजे रुग्णालय त्यांच्या कागदाशिवाय सही करणार नाही आणि संयोजक स्वतःच्या कागदाशिवाय घेणार नाहीत. मजकूर एकच, रुग्ण एकच, रिपोर्ट तेच. मी ३१ तारखेला पुन्हा गेले, नियम कुठे लिहिलाय ते दाखवा म्हटलं. कुणी दाखवला नाही. त्या काउंटरवरच्या माणसाने एकदाही मान वर करून फॉर्म वाचला नाही, याचा राग माझ्या मनात सर्वांत जास्त आहे. नियम असेल, पण त्यातून वाट कशी काढायची ते त्यांच्याशिवाय कोण सांगणार? माझ्यामागे एक आजोबा उभे होते, मुलाच्या नोकरीसाठी कसलासा दाखला हवा होता. त्यांनाही तेच वाक्य, त्याच आवाजात. ते निमूट परत गेले. त्यांना मी थांबवायला हवं होतं.

वाट मलाच सुचली, बाकावर बसल्या बसल्या. संयोजकांना मेल केला : तुमच्या फॉर्मचा मजकूर शब्दशः रुग्णालयाच्या लेटरहेडवर टाइप करून, सही-शिक्क्यासह चालेल का? पन्नास मिनिटांत उत्तर : चालेल, नाव, तारीख, अंतर आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे. हाच प्रश्न मी १३ तारखेला विचारला असता तर सगळं २८ तारखेलाच मार्गी लागलं असतं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा आणि उत्तराचा प्रिंट काढून सोबत न्या. तो प्रिंट दिसल्यावरच टायपिंगच्या ताईंनी कागद हातात घेतला.

तरी एक अडलं. डॉक्टर ‘फिट’ हा शब्द लिहायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, मी आजचं सांगू शकतो, डिसेंबरमधल्या त्या दिवसाचं कसं सांगू? मला ते पटलं. शेवटी मजकूर ठरला : अमुक तारखेच्या तपासणीनुसार ५० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत भाग घेण्यास वैद्यकीय मनाई नाही. संयोजकांना फोन करून विचारलं, तेही हो म्हणाले. डॉक्टर शब्दावर अडले तर वाद घालू नका, असं वाक्य सुचवा.

शनिवारी अपलोड. रविवारी पुन्हा नामंजूर. शिक्का पुसट, रजिस्ट्रेशन नंबरचे शेवटचे दोन आकडे वाचता येत नाहीत. मी कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. खरंच, तिथे जांभळ्या शाईचा नुसता डाग होता. त्यांना बोल लावता येत नाही. पण मी तो कागद हातात घेतल्याक्षणी तपासायला हवा होता, काउंटर सोडण्याआधी. मंगळवारी, ४ तारखेला, पुन्हा रांग. या वेळी मी डॉक्टरांना भेटूनच विनंती केली, शिक्क्याखाली नंबर पेनाने लिहा. त्यांनी अर्ध्या मिनिटात लिहून दिला. संध्याकाळी सहा चाळीसला मंजुरीचा मेल आला. मी स्वयंपाकघरात उभी होते, गॅस बंद केला आणि खाली बसून रडले.

पळणं त्याआधीच सुरू झालं होतं. २९ तारखेची सकाळ मला कायम लक्षात राहील. टेकडीच्या पायथ्याशी बुटांची नाडी बांधताना हात थरथरत होते. पहिला चढ मुद्दाम हळू घेतला. वर खाणीच्या काठाला आले, कानशिलावर दोन बोटं ठेवून ठोके मोजले आणि मग देवळापर्यंत न थांबता गेले. डिसेंबरमध्ये शर्यतही पूर्ण झाली, वेळेच्या मर्यादेत, पाय शाबूत ठेवून.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. फॉर्ममध्ये तपासणी किती जुनी चालेल ते बघून घ्या. आमच्या शर्यतीला १ ऑक्टोबरनंतरचीच लागत होती, म्हणून फार आधी करूनही उपयोग नव्हता. टीएमटीला पुढून बटणं असलेला सैल सुती शर्ट घालून जा, स्वतःचे पळायचे बूट न्या, आणि बायकांनी तंत्रज्ञ बाईच असतील का ते तारीख घेतानाच विचारावं. चाळिशी ओलांडली असेल तर आपल्याला अशा तपासणीची गरज आहे का, ते डॉक्टरांना एकदा विचारा. आणि ईसीजीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. तो कागद बहुधा उष्णतेवर छापलेला असतो, हळूहळू फिका पडू शकतो. पुढच्या वर्षी नवे डॉक्टर ४६ चा आकडा बघून भुवया उंचावतील, तेव्हा जुना आलेख शेजारी ठेवता आला पाहिजे. माझ्या झेरॉक्स दोन आहेत, एक घरी आणि एक फॅमिली डॉक्टरांच्या फायलीत.