नेरूळच्या कोर्टवर एकच फ्री थ्रो

रविवारी ठाण्याहून नेरूळला जायचं असेल तर शनिवारी रात्रीच मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची यादी बघून ठेवावी. ठाणे-नवी मुंबईच्या ट्रान्स-हार्बर मार्गावर ब्लॉक असला की सकाळी अकराच्या आसपास बंद पडलेल्या गाड्या दुपारी चारनंतरच सुरळीत होतात. मधल्या वेळात ठाणे-बेलापूर रस्त्यावर बस, रिक्षा, मिळेल ते. एरवी ही कुरकुर प्रवाशापुरतीच राहते, पण बास्केटबॉलच्या स्पर्धेत तिचा थेट गुणतक्त्यावर परिणाम होतो. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू कोर्टवर उभे करता आले नाहीत तर समोरच्याला २०-० असा विजय मिळतो. जिंकल्यास २ गुण, हरल्यास १ आणि असा सामना सोडल्यास शून्य. म्हणजे येऊन वाईट हरणाराही न येणाऱ्यापेक्षा पुढे. दुपारच्या सत्रात ठाण्याच्या एका संघाचे चारच जण वेळेवर पोचले आणि पाचवा घणसोलीच्या सिग्नलला अडकला, तेव्हा त्या एका गुणाची किंमत काय ते सगळ्या बाकाला कळलं. तो चौदाव्या मिनिटाला बूट हातात घेऊन धावत आला.

१६ वर्षांखालच्या मुलामुलींची ही हंगामी लीग. शनिवार-रविवारी साखळी सामने, शेवटी दोन दिवस सगळे संघ एकाच मैदानावर. ही कल्पना अमेरिकेतल्या जी लीगवरून घेतली आहे, आणि आयोजक ते अभिमानाने सांगतात. एनबीएखालची ही विकास लीग २००१ साली सुरू झाली. तिथे २००५ पासून हंगामाच्या मध्यात सगळे संघ एका ठिकाणी आणून ‘विंटर शोकेस’ भरवतात, म्हणजे खेळाडू पारखायला येणाऱ्यांना गावोगाव फिरावं लागत नाही. २०२१-२२ पासून त्याला चषकाची जोड दिली: हंगामाचा पहिला भाग चषकासाठी, नंतर सगळ्यांची पाटी कोरी करून नियमित हंगाम. पहिला चषक डेलावेअर ब्लू कोट्सने जिंकला. आपल्याकडचे सतनाम सिंग (टेक्सस लेजंड्स), अमज्योत सिंग (ओक्लाहोमा सिटी ब्लू) आणि प्रिन्सपाल सिंग (इग्नाइट) या लीगमध्ये खेळून आले आहेत, त्यामुळे इथल्या मुलांना ती नावं पाठ.

शनिवारचा दिवस फारसा सांगण्यासारखा नाही. कोर्ट उघड्यावर, काँक्रीटवर सिंथेटिक रंग. डिसेंबरात पहाटेचं दव पडलं की त्या रंगावरून बूट सरकतात, म्हणून सातचा सामना साडेसातला सुरू झाला. तरट घेऊन पुसणारी माणसं दोन आणि कोर्ट २८ बाय १५ मीटर, मग दुसरं काय होणार? शिवाय कोर्ट पूर्व-पश्चिम आखलेलं. उघड्यावरचं कोर्ट उत्तर-दक्षिणच हवं, नाहीतर सकाळी एका बाजूच्या रिंगवर नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य. दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलतात, पण तोवर सूर्य वर चढलेला असतो, म्हणजे न्याय होत नाहीच. सिडकोने सेक्टर इतके काटेकोर आखले, शाळांच्या कोर्टांनाच दिशा का दिली नाही कोण जाणे. पोहे मात्र उत्तम होते, आणि केळ्यांचा घड संपेल तसा नवा येत होता. पाहुणचारात नवी मुंबईला नावं ठेवायला जागा नाही.

तर मूळ मुद्दा फ्री थ्रोचा, म्हणजे समोरच्याने फाऊल केला की रेषेवरून कुणाच्या अडथळ्याविना मारायला मिळणाऱ्या थ्रोचा.

दिवसाला आठ सामने, प्रत्येकाला ७५ मिनिटं, असं पत्रक छापलेलं होतं. हिशेब करा. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, मध्यंतर १५ वरून ५ मिनिटांवर आणलेलं, बाकीच्या दोन विश्रांती दोन-दोन मिनिटांच्या. ही झाली ४९ मिनिटं. पण बास्केटबॉलचं घड्याळ प्रत्येक शिट्टीला थांबतं. या वयात फाऊल भरपूर, त्यात दोन्ही संघांचे मिळून दहापर्यंत टाइमआउट. सामना दीड तासाच्या आत संपत नाही. आठ सामन्यांत दोन तास उशीर हा अपघात नाही, तो पत्रकातच छापलेला आहे.

त्यावर उपाय म्हणून जी लीगचा आणखी एक नियम उचलला: एकच फ्री थ्रो. तिथे २०१९-२० च्या हंगामात तो आला. दोन गुणांच्या प्रयत्नावर फाऊल झाला की दोनऐवजी एकच थ्रो, पण तो गेला तर दोन गुण. तीन गुणांच्या प्रयत्नावर फाऊल झाला तर एकाच थ्रोला तीन. बास्केट होऊन वर फाऊल मिळाला तर नेहमीसारखा एकाचा एक. चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं आणि जादा वेळ यांत मात्र जुनाच नियम. सामन्यामागे सहा ते आठ मिनिटं वाचतील असा तिथला अंदाज होता, आणि तो पटण्यासारखा आहे. रेफ्रीने चेंडू देणं, खेळाडूने दोनदा टप्पा घेणं, थ्रो, परत चेंडू गोळा करणं यात वीसेक सेकंद जातात. सामन्यात असे वीस प्रसंग आले तर साडेसहा मिनिटं वाचली.

कागदावर छान. गोंधळ टेबलावर झाला.

बास्केटबॉलची स्कोअरशीट हा प्रकार ज्याने भरला नाही त्याला सांगून कळत नाही. १, २, ३ असे आकडे खाली उतरत जातात, त्यांच्याशेजारी गुण करणाऱ्याचा नंबर लिहायचा. मैदानी बास्केट असेल तर नव्या बेरजेवर तिरकी रेघ, फ्री थ्रो असेल तर भरीव ठिपका, तीन गुणांचं असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. पहिला-तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा-चौथा निळ्या किंवा काळ्या. क्वार्टर संपला की शेवटच्या आकड्याला ठळक गोल आणि खाली आडवी रेघ. यात भरीव ठिपक्याचा अर्थ एकच: एक गुण. दोन गुणांच्या फ्री थ्रोला या कागदात जागाच नाही.

पहिल्या क्वार्टरला टेबलावर बसलेल्या मुलीने मधला आकडा सोडून नव्या बेरजेवर एक ठिपका दिला. तिच्या जागी आलेल्या मुलाने सलग दोन आकड्यांवर दोन ठिपके दिले आणि दोन्हींसमोर तोच नंबर लिहिला. दोन्ही पद्धतींत तर्क आहे, पण एकाच कागदावर दोन्ही आल्या की मध्यंतराला खेळाडूनिहाय बेरीज मारणारा ठिपके एकेक करून मोजतो आणि बेरीज कमी भरते. फलकावर २४, कागदावर २२. दोन्ही प्रशिक्षक टेबलापाशी, रेफ्री मधे, आणि ‘सर, आमचे दोन गुण कुठे गेले?’ हा प्रश्न अकरा मिनिटं चालला. सहा मिनिटं वाचवायला आणलेल्या नियमाने अकरा खाल्ली.

हा नियम वापरायचाच असेल तर दोन ठिपक्यांची पद्धत बरी, कारण शेवटची बेरीज नक्की जुळते. त्यात खेळाडूची फ्री थ्रोची टक्केवारी फुगते, एकाला एकऐवजी दोनला दोन दिसतात. म्हणून किती थ्रो मारले याची वेगळी चिठ्ठी सहायक स्कोअररने ठेवायची. आणि हे सकाळी पहिल्या सामन्याआधी टेबलावरच्या चौघांना, म्हणजे स्कोअरर, सहायक, घड्याळवाला आणि २४ सेकंदवाला (चेंडू हाती आल्यापासून रिंगकडे मारण्याची मुदत मोजणारा), एकत्र बसवून सांगायचं. दर सामन्याला माणसं बदलत असतील तर लिहून चिकटवायचं.

दुसरी अडचण दोन मिनिटांच्या रेषेची. फाऊलची शिट्टी वाजली तेव्हा फलकावर बरोबर २:०० होतं. जुना नियम की नवा? दोन मिनिटं किंवा कमी म्हणजे जुना, असा रेफ्रीने निकाल दिला आणि तो योग्यच होता. पण पत्रकात ‘शेवटची दोन मिनिटं’ एवढंच लिहिलं होतं, आणि वाद घालायला तेवढं पुरतं.

खेळाच्या बाजूने एक फायदा खरा झाला. दोन थ्रो असतात तेव्हा पहिला चुकला तरी चेंडू खेळात येत नाही, त्यामुळे लेनमधली, म्हणजे रिंगसमोरच्या पट्ट्याच्या कडेला उभी केलेली मुलं पहिल्या थ्रोला कमरेवर हात ठेवून उभी असतात. इथे प्रत्येक चुकलेला थ्रो जिवंत. बचाव करणारे तीन आणि हल्ला करणारे दोन, पाचही जणांना दर वेळी अंग लावून जागा अडवावी लागते. दुपारपर्यंत मुलींच्या संघांत हे स्पष्ट सुधारलेलं दिसलं.

मग तो सामना आला. मुलींचा, ३८-४०, घड्याळात २:१४. मागे असलेल्या संघाच्या मुलीने कोपऱ्यातून, ६.६० मीटरच्या तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू सोडला आणि हातावर फटका बसला. दोन मिनिटांना चौदा सेकंद बाकी, म्हणून एकच थ्रो, तीन गुणांचा. गेला तर ४१-४०, चुकला तर काही नाही. बाकावरून सगळे गप्प, फक्त तिचे सर ‘गुडघे वाकव, बाळ’ एवढंच म्हणत होते. थ्रो आखूड पडला, रिंगच्या पुढच्या कडेला लागून बाहेर आला, रिबाउंड समोरच्यांनी घेतला. ती खेळत राहिली, पण पुढच्या दोन मिनिटांत तिने एकदाही रिंगकडे चेंडू मारला नाही.

गणित असं आहे. निम्मे थ्रो घालणाऱ्या खेळाडूला तीन थ्रो मिळाले काय किंवा तीन गुणांचा एक मिळाला काय, सरासरी दीड गुणच. पण तीन थ्रोमध्ये हात रिकामे राहण्याची शक्यता आठात एक, एका थ्रोमध्ये दोनात एक. शिवाय आखूड पडलेला पहिला थ्रो हीच सगळ्यात चांगली शिकवणी असते: दुसऱ्या वेळी पाय थोडे जास्त वाकतात, मनगट पूर्ण सुटतं. सुधारण्याची ती जागाच या नियमाने काढून घेतली. जी लीगमध्ये पगारी खेळाडू आहेत. त्यांचे शेकडो थ्रो रोज सरावात होतात, प्रेक्षक आणि प्रक्षेपण सांभाळायला सामना आटोपशीर हवा असतो, ते ठीक. पंधरा वर्षांच्या मुलीला दमलेल्या पायांनी, लोक बघत असताना फ्री थ्रो मारण्याची संधी अशाच स्पर्धेत मिळते. ती अर्ध्यावर आणायची आणि वर स्पर्धेला विकासाची म्हणायचं, हे मला पटलं नाही.

वेळच वाचवायची तर जागा बऱ्याच आहेत. सामन्याआधी ४० मिनिटं खेळाडूंची यादी टेबलावर यायलाच हवी असा नियम आहे. इथे ती सराव चालू असताना येत होती आणि जर्सीचे नंबर तेव्हा खोडले जात होते. बदली खेळाडू टेबलापाशी येऊन बसायच्या ऐवजी बाकावरून हात हलवत होते. एकच रिझर्व्ह चेंडू, आणि तो कुंपणाबाहेर गटाराकडे गेला की सगळे थांबलेले. हवा तपासायची सुई कोणाकडेच नव्हती. जी लीगचाच दुसरा नियम, जादा वेळेत पाच मिनिटांऐवजी जो आधी सात गुण करेल तो जिंकला, हा मात्र घेतला नव्हता; उशिराच्या दिवशी खरं तर तोच कामाचा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे आठऐवजी सहा सामने लावायचे.

रविवारी उपांत्य फेरीपासून दोन फ्री थ्रो परत आले, प्रशिक्षकांनी लेखी मागणी केल्यावर. अंतिम सामना पाचचा, सुरू झाला सात वाजता, एका बाजूचे दिवे बंद असताना. बक्षिसं वाटून होईपर्यंत नऊ. ठाण्याच्या मुलांचे पालक घड्याळ बघत होते, कारण रात्री ट्रान्स-हार्बरवर दोन गाड्यांमधलं अंतर वाढत जातं, आणि नेरूळहून थेट ठाणे गाडी हुकली की वाशी-सानपाड्याला बदलण्याची कसरत आली.