भाता पाठीवर, हात मोकळे

झटका तारेवर, म्हणजे विजेचा झटका देणारी तार ओढून कुरणाचा एकेक पट्टा आखत गुरं चारणाऱ्याला त्या तारेच्या खांबांचं वजन फारसं जाचत नाही, जाचतो तो त्यांचा अडनिडा आकार. पायाने रोवायचा प्लास्टिकचा खांब तीन-चारशे ग्रॅमचा. गाईंसाठी एकपदरी तार ओढायची तर दहा-बारा मीटरला एक खांब पुरतो. म्हणजे दोनशे मीटरच्या पट्ट्याला अठरा-वीस खांब, सगळे मिळून सात-आठ किलो. एवढं कोणीही उचलेल. पण ते बगलेत धरले की एक हात गेला, दुसऱ्या हातात तारेची रीळ. मग गुरांना वळवायला हात उरतो कुठे? शिवाय एक खांब ओढायला जावं तर चार खाली पडतात, आणि ते उचलायला वाकलं की उरलेलेही निसटतात.

म्हणून मी खांबांसाठी पाठीवर भाता केला, बाणांचा असतो तसा. रुंद प्लास्टिक पाइपचा तुकडा, तळाला झाकण, झाकणाला पाणी निघून जायला भोकं आणि दोन्ही खांद्यांवर येतील असे जुन्या पिशवीचे पट्टे. एका पट्ट्यावर करून पाहू नका, पाइप झुलतो आणि प्रत्येक पावलाला कमरेवर आपटतो. खांबांची जमिनीत रुतणारी खिळ्याची टोकं खाली. काही जण उलटे ठेवतात, म्हणजे वर फक्त टोकं येतात आणि काढायला सोपं जातं म्हणे. ओल्या गवतात पाय घसरून पडल्यावर ती टोकं मानेपाशी असतात, एवढं मला पुरेसं आहे. ज्यांच्या डोक्याला वेटोळं असतं त्या लोखंडी खांबांची सगळी वेटोळी एकाच दिशेला करायची, नाहीतर एकमेकांत अडकतात. उन्हात जुने झालेले फायबरग्लासचे खांब असतील तर हातमोजे हवेतच. त्यांचे तंतू सुटतात आणि कातडीत रुतून दिवसभर खाजवत बसावं लागतं.

भात्याचा खरा उपयोग कळला तो एका वादळी दुपारी. आभाळ भरून आलं होतं, वारा सुटला होता आणि अशा हवेत गुरं आधीच बिचकलेली असतात. काकांनी पुढच्या पट्ट्याची तार उघडली तशी सगळी खिल्लारं आत शिरली आणि माना खाली घालून चरायला लागली. मागची तार ओढून घ्यायचं काम माझं. ही तार गरजेची असते, कारण खाऊन झालेल्या गवताला चार दिवसांत कोवळे कोंब फुटतात आणि गुरं मागे फिरून तेच खुडत बसतात. मग गवताची मुळं दमतात.

डाव्या हातात रीळ, उजव्या हाताने खांद्यावरून खांब काढायचा, पायाने दाबायचा, आकड्यात तार अडकवायची आणि पुढे. अर्ध्याहून जास्त ओळ झाली असेल. तेवढ्यात उंच गवताच्या एका झुबक्यात कान हलला. शेणाभोवतीचं गवत गुरं खात नाहीत, त्यामुळे चरलेल्या पट्ट्यातही असे झुबके उभे राहतात, आणि नुकतं जन्मलेलं वासरू लपायला तीच जागा शोधतं. आई हिरव्या गवताला भुलून पुढे गेली होती, वासरू मागे गाढ झोपलेलं. मी सरळ तार ओढली असती तर ते जुन्या पट्ट्यात राहिलं असतं.

वासराला तारेची अडचण नसते, ते खालून निघतं. अडचण अशी, की झोपेतून दचकलेलं वासरू हमखास चुकीच्या दिशेला पळतं. आणि आई तारेतून आरपार येते.

ती आलीच. हंबरत, कळपातून वाट काढत, माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर थांबली. मान खाली, नाकातून फुत्कार, पुढच्या खुराने माती उकरत.

"अगं, सोड ते सगळं आणि बाहेर ये!" काका ओरडले.

एका रिळेशिवाय सोडण्यासारखं हातात काही नव्हतंच. मी गाईकडे पाठ केली नाही, डोळ्याला डोळाही भिडवला नाही. तिरकी उभी राहिले. वासराला हात न लावता ओळच वाकवायची ठरवली. खांद्यावरून न बघता खांब काढला, रोवला, तार अडकवली, मागे सरकले. पुन्हा खांब. दरवेळी काढलेला खांब रोवण्याआधी क्षणभर तिच्या बाजूला आडवा धरत होते, माझा हात तेवढाच लांब दिसावा म्हणून. ती एक पाऊल पुढे आली तेव्हा मी थांबले. ती थांबली तेव्हा सरकले. वासराच्या पाठीमागून वळसा घालून तार पुन्हा मूळ रेषेवर आली, तेव्हा आई नि वासरू एकाच बाजूला होते आणि मी दुसऱ्या. तारेत अजून वीज नव्हती. पण तिने नाक वर करून तार हुंगल्यासारखं केलं आणि मागे हटली. जिने कधी झटका खाल्लाय ती तारेची रोज परीक्षा घेत नाही.

मग ती वासराला चाटायला लागली. वासरू उठलं, ढुशी मारून दूध प्यायला लागलं.

टोकाला पोचून रीळ अडकवली, चालू तारेला जोड दिला. मशीन साधारण सेकंदाला एक झटका सोडतं, मापकाचा दिवा त्याच तालात लुकलुकतो. आकडा पाच हजार व्होल्टच्या वर होता. तीन हजारांच्या खाली असता तर कुठे ओलं गवत तारेला टेकलंय ते शोधत फिरावं लागलं असतं.

परतताना दुसरी चालू तार ओलांडायची होती. भात्यात उरलेले लोखंडी खांब डोक्याच्या वर निघालेले असतात, आणि तसंच वाकून खालून गेलं तर सळई तारेला लागून झटका थेट पाठीत बसतो. एका सोबत्याला बसलाय, तोही ओल्या जमिनीवर. त्यामुळे भाता उतरवायचा, आधी तो खालून सरकवायचा, मग आपण.

काकांनी भाता हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्यांचा आक्षेप एकच: वाकलं की खांब डोक्यावरून पुढे सांडतात. बरोबर आहे ते. तोंडाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी आडवी बांधली की खांब अडून राहतात, पण मग एका हाताने काढताना पट्टी पोरासारखी हट्ट धरते. त्यावर आमचं अजून एकमत नाही. काका खांब बगलेतूनच नेतात, मात्र नवी व्यालेली गाय कळपात असली की मला म्हणतात, "आज मागची तार तूच घे."